शेक्सपिअरची नाटकं कुणी लिहिली याचे कागद आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खरा शेक्सपिअर कोण, म्हणजे त्याच्या नावावरची नाटकं दुसऱ्याच कुणी लिहिली का, यावर जो मोठा लेख आला तो मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्याची भाषा छान आहे, एकदा हातात घेतला की सोडवत नाही, पण त्यात अगदी ठामपणे म्हटलंय की स्ट्रॅटफर्ड गावच्या विल्यम शेक्सपिअर या माणसाला नाटककार म्हणून दाखवणारा त्याच्या हयातीतला एकही कागद नाही, आणि हे चूक आहे, साफ चूक आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे. काटछाट केलीत तरी चालेल, फक्त कागदांचा भाग तेवढा ठेवा.

मी इंग्रजीचा प्राध्यापक वगैरे नाही. हौशी नाटकांमध्ये वीसेक वर्षं विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे स्क्रिप्ट या प्रकाराशी माझा संबंध जवळचा आहे, आणि या वादात मला जी गोष्ट सगळ्यात आधी दिसते ती त्या लेखात कुठेच नव्हती. तालमीच्या सुरुवातीचं कच्चं स्क्रिप्ट ज्यांनी हाताळलंय त्यांना हे माहीत असेल की लेखक ग्रुपमधलाच असला आणि कुठला रोल कोण करणार हे त्याच्या डोक्यात आधीच बसलेलं असलं की लिहिण्याच्या ओघात पात्राच्या नावाऐवजी तो नटाचंच नाव लिहून मोकळा होतो, कारण त्याला समोर तोच माणूस बोलताना दिसत असतो. मी अशा वह्या कितीतरी बघितल्यात.

आता 'मच अडू अबाउट नथिंग'ची १६०० साली छापलेली पहिली प्रत घ्या. चौथ्या अंकात कोतवाल डॉगबेरी आणि त्याचा जोडीदार व्हर्जिस चौकशीला बसतात तो प्रवेश. तिथे संवादांपुढे या दोघांची नावं असायला हवीत, पण छापलंय केम्प आणि काउली. विल केम्प आणि रिचर्ड काउली हे लॉर्ड चेंबरलेन्स मेन या, शेक्सपिअर ज्यात होता त्या, नाटक कंपनीतले खरेखुरे नट, केम्प तर त्या काळातला लंडनचा सगळ्यात लाडका विनोदी नट. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या १५९९ च्या प्रतीतही पीटर नावाच्या नोकराच्या एंट्रीला 'विल केम्पचा प्रवेश' असंच छापलेलं आहे. 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात, तीही प्रत १६०० ची, एक शिपाई येतो त्याच्या एंट्रीला सिंक्लो असं नाव आहे, हा जॉन सिंक्लो कंपनीतला एकदम काटकुळा नट, आणि लगेच त्या प्रवेशात बायका त्या शिपायाला हाडांचा सापळा, उपाशी कुत्रा अशा शिव्या घालतात. म्हणजे त्या नटाची अंगकाठी बघून त्या शिव्या लिहिल्यात. नटाला डोळ्यासमोर ठेवून लिहिणं यालाच म्हणतात.

कुणी म्हणेल की ही नावं नंतर प्रॉम्प्टरने घातली असतील. मी स्वतः प्रॉम्प्टर आहे म्हणून सांगतो, प्रॉम्प्टरचं काम नेमकं उलटं असतं, त्याला सगळीकडे एकच नाव हवं असतं नाहीतर प्रयोगात गोंधळ होतो. 'मच अडू'च्या त्या एकाच प्रवेशात डॉगबेरीच्या वाक्यांपुढे कुठे केम्प आहे, कुठे कॉन्स्टेबल, कुठे अँड्र्यू, कुठे कीपर. असं वेडंवाकडं, जे सुचेल ते लिहिणारा माणूस लेखकच असतो, आणि तोही असा लेखक ज्याला खात्री आहे की वाचणाऱ्यांना कळणारच आहे कारण वाचणारे सगळे रोज भेटतात.

हा केम्प १५९९ च्या सुमाराला कंपनी सोडून गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला. आर्मिन गाणारा, बुद्धीने खेळणारा नट. आणि बघा, नाटकांमधले विदूषकही बदलले! आधी डॉगबेरीसारखे शब्दांची मोडतोड करणारे भाबडे लोक होते, आता टचस्टोन आला, 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला गाणारा फेस्टे आला, मग लिअर राजाचा तो विदूषक आला ज्याला बघून पोटात कालवाकालव होते. रिचर्ड बर्बेज हा कंपनीचा मुख्य नट, त्याने हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर केले, त्याचं वय जसं वाढत गेलं तसे त्याचे रोलही मोठ्या वयाचे होत गेले. बायकांची कामं मुलं करायची, तर एका काळातल्या नाटकांमध्ये एक नायिका उंच आणि दुसरी बुटकी अशी जोडी परत परत येते, 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये तर हर्मिया आणि हेलेना उंचीवरूनच भांडतात. कंपनीत तेव्हा तशी दोन मुलं असणार, दुसरं काय. आपल्या महालात बसून लपून नाटकं लिहून पाठवणाऱ्या सरदाराला कुठला नट सोडून गेला, नवीन आलेल्याचा गळा कसा आहे, मुलगा किती उंच झालाय हे सगळं वर्षानुवर्षं कसं कळणार? आणि त्याने ते का सांभाळावं?

शेक्सपिअर त्या कंपनीत नुसता लेखक नव्हता. मार्च १५९५ ची राजदरबाराच्या हिशेबातली नोंद आहे, आदल्या डिसेंबरमध्ये राणीसमोर केलेल्या प्रयोगांचे पैसे केम्प, शेक्सपिअर आणि बर्बेज या तिघांच्या नावावर दिलेले. १५९९ मध्ये ग्लोब थिएटर उभं राहिलं त्यात तो भागीदार. बेन जॉन्सन या त्याच काळातल्या नाटककाराने १६१६ मध्ये आपली नाटकं एकत्र छापली तेव्हा नटांच्या याद्या दिल्या, त्यात १५९८ च्या एका आणि १६०३ च्या एका अशा दोन नाटकांत शेक्सपिअर काम करत होता हे लिहिलंय.

बरं, आता लेखात जे नाहीत म्हटलंय ते कागद.

१५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन नावाच्या, युनिव्हर्सिटीत शिकलेल्या नाटककाराच्या नावाने एक पुस्तिका निघाली, ग्रीन तेव्हा नुकताच गेला होता. त्यात आपल्या शिकलेल्या मित्रांना सावध केलंय की एक उपटसुंभ कावळा आपली पिसं लावून मिरवतोय, स्वतःला देशातला एकमेव 'शेक-सीन' (शेक्सपिअर या नावावरची कोटी) समजतोय, आणि वर 'हेन्री द सिक्स्थ'मधल्या एका ओळीचं विडंबन करून ती त्याच्या अंगावर फेकलीय. राग कशाचा होता? एक नट, युनिव्हर्सिटीचं तोंड न बघितलेला, आणि आमच्यासारखं लिहायला बघतो, याचाच. म्हणजे त्याच्या करिअरच्या सुरुवातीलाच त्याला नट-कम-लेखक म्हणून शिव्या पडल्यात.

पुढच्याच वर्षी 'व्हीनस अँड अॅडोनिस' ही कविता आली, अर्पणपत्रिकेखाली विल्यम शेक्सपिअर अशी सही, आणि छापणारा रिचर्ड फील्ड हा स्ट्रॅटफर्डचाच, त्याच गल्लीबोळात वाढलेला. १५९८ मध्ये फ्रान्सिस मेरेस नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या लेखकांचा आढावा घेतला, त्यात शेक्सपिअरची बारा नाटकं नावानिशी दिली, सहा कॉमेडी सहा ट्रॅजेडी. याच पुस्तकात मेरेस ऑक्सफर्डच्या अर्लचंही (तोच खरा शेक्सपिअर असं तुमचा लेख सुचवतो) नाव कॉमेडी चांगली लिहिणाऱ्यांमध्ये घेतो, आणि त्याच यादीत शेक्सपिअरचंही नाव घेतो, वेगळं. म्हणजे त्या काळी ज्याला लंडनची खबर होती त्याच्या लेखी हे दोघे दोन वेगळे लेखक होते. तुमच्या लेखात मेरेसचा उल्लेख आहे पण हा भाग गाळलाय. असं का केलं असेल हे मला कळलं नाही आणि वाईटही वाटलं, कारण ज्या वाचकाने मेरेस कधी वाचलेला नाही त्याची यात फसगत होते.

केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १६०१ च्या आसपास कॉलेजात एक नाटक केलं होतं, त्यात केम्प आणि बर्बेज ही पात्रं म्हणून येतात, आणि केम्पचं पात्र म्हणतं की युनिव्हर्सिटीवाल्यांना नाटकं लिहिता येत नाहीत, आमचा सोबती शेक्सपिअर त्या सगळ्यांना मागे टाकतो. आमचा सोबती! नट आपल्या कंपनीतल्या माणसाबद्दल बोलतोय. १६०२ मध्ये सरदारकीची चिन्हं देणाऱ्या खात्यात एका अधिकाऱ्याने तक्रार केली की हलक्या लोकांना चिन्हं वाटली जातायत, त्या कागदावर शेक्सपिअर घराण्याच्या चिन्हाखाली 'शेक्सपिअर, नट' असं लिहिलंय. म्हणजे स्ट्रॅटफर्डचं घराणं आणि लंडनचा नट एकच. १६०४-०५ च्या दरबारी करमणुकीच्या हिशेबात 'मेझर फॉर मेझर', 'मर्चंट ऑफ व्हेनिस', 'कॉमेडी ऑफ एरर्स' या नाटकांसमोर कवीचं नाव 'शॅक्सबर्ड' असं कसंतरी लिहिलंय, ऐकून लिहिणाऱ्या कारकुनाचं स्पेलिंग.

आणि माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे जॉर्ज बक याची नोंद. हा पुढे नाटकांना परवानगी देणारा मुख्य दरबारी अधिकारी झाला. त्याच्याकडे एका जुन्या निनावी नाटकाची प्रत होती, लेखक कोण ते कळेना, तेव्हा त्याने चौकशी केली आणि मुखपृष्ठावरच लिहून ठेवलं की हे एका पाद्र्याने लिहिलं आणि त्यात त्याने स्वतः कामही केलं, आणि ही माहिती डब्ल्यू. शेक्सपिअरने दिली. त्या काळात एखाद्या नाटकाचा खरा लेखक कोण हे शोधायचं असेल तर ज्याला जाऊन विचारायचं तो माणूस शेक्सपिअर होता. नाटकं सेन्सॉर करणाऱ्याच्या जगातला माणूस त्याला ओळखतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि आपण चारशे वर्षांनी म्हणतो की तो नुसता मुखवटा होता.

मृत्यूपत्राबद्दल लेखात बरंच होतं, दुसऱ्या नंबरचा पलंग बायकोला दिला, पुस्तकांचा उल्लेख नाही, हस्तलिखितांचा नाही. पुस्तकं वगैरे चीजवस्तूंची यादी वेगळ्या कागदावर व्हायची आणि तो कागद हरवलाय. नाटकांची हस्तलिखितं त्याची नव्हतीच, ती कंपनीच्या मालकीची, मग ती मृत्यूपत्रात कशाला येतील? पण त्याच मृत्यूपत्रात, मार्च १६१६ चं आहे ते, ओळींच्या मधे घुसवून एक गोष्ट लिहिलीय की माझे सोबती जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री कॉन्डेल यांना अंगठ्या घ्यायला प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. सात वर्षांनी, १६२३ मध्ये, यातल्याच हेमिंग्ज आणि कॉन्डेलने (बर्बेज तोपर्यंत गेला होता) छत्तीस नाटकं गोळा करून फर्स्ट फोलिओ काढला, त्यातली अठरा आधी कधी छापलेलीच नव्हती, मॅकबेथ, टेम्पेस्ट, ज्युलियस सीझर ही सगळी त्यात. त्या पुस्तकात बेन जॉन्सन त्याला 'एव्हनचा गोड हंस' म्हणतो (एव्हन ही स्ट्रॅटफर्डची नदी) आणि लिओनर्ड डिग्जच्या कवितेत स्ट्रॅटफर्डच्या स्मारकाचं नाव स्पष्ट आहे. ते स्मारक आजही चर्चमध्ये आहे, हातात लेखणी आणि खाली कागद, कोरलेल्या मजकुरात सॉक्रेटिस आणि व्हर्जिलशी तुलना. शंका घेणारे म्हणतात की स्ट्रॅटफर्डचा माणूस नुसता धान्याचा व्यापारी होता, पण धान्याच्या व्यापाऱ्याला कुणी व्हर्जिल म्हणत नाही.

सह्यांचं स्पेलिंग वेगवेगळं आहे हा मुद्दाही वारंवार येतो. सहा सह्या आहेत आणि सगळ्या वेगवेगळ्या, बरोबर. पण तेव्हा स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं, त्याच काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याची जी एकच सही उरलीय ती 'मार्ली' अशी आहे आणि तो तर केंब्रिजचा पदवीधर.

मार्लोचं नाव निघालंच आहे तर सांगतो, कॉलेजात असताना मी स्वतः या मार्लोवाल्या थिअरीच्या पूर्ण नादी लागलो होतो. ३० मे १५९३ ला डेप्टफर्डला मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर सुरा खुपसून खून होतो आणि दोनेक आठवड्यांत शेक्सपिअर हे नाव असलेलं पहिलं पुस्तक, तेच 'व्हीनस अँड अॅडोनिस', बाजारात येतं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, मी रात्र रात्र मित्रांना ही गोष्ट सांगायचो की मार्लो मेलाच नाही, पळून गेला आणि या नावाने लिहित राहिला. मग कधीतरी कळलं की ते पुस्तक छपाईसाठी रजिस्टर झालं होतं १८ एप्रिलला, म्हणजे मार्लो धडधाकट होता तेव्हा. आणि त्याच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल १९२५ मध्ये सापडलाय, सोळा पंचांनी प्रेत बघितल्याचा. १९५६ मध्ये एका मार्लोवाद्याने हस्तलिखितं सापडतील म्हणून चिझलहर्स्टच्या चर्चमधलं वॉल्सिंगहॅमचं, म्हणजे मार्लोच्या आश्रयदात्याचं, थडगं उघडायची परवानगी मिळवली, उघडलं, हस्तलिखितं नव्हती. मला त्या वेळी खूप वाईट वाटलं होतं हे खरं सांगतो, कारण ती गोष्ट इतकी सुंदर होती. पण ज्या दिवशी ती तारीख बघितली त्या दिवशी मी ती सोडली.

ऑक्सफर्डच्या अर्लची थिअरी आज सगळ्यात जास्त चालते, लेखही त्याच बाजूने झुकलाय. ती मांडली १९२० मध्ये लूनी नावाच्या एका इंग्लिश शाळामास्तरने, फ्रॉइडसारख्या माणसालाही ती पटली. हा अर्ल, एडवर्ड डी व्हिअर, इटलीला जाऊन आलेला, दरबार बघितलेला, कविता करणारा, सगळं जुळतं असं वाटतं. पण तो १६०४ च्या जूनमध्ये वारला. त्यानंतर आलेली नाटकं त्याने आधीच लिहून ठेवली होती म्हणतात. 'मॅकबेथ'मधला तो दारवान दुतोंडी साक्ष देणाऱ्याची, 'इक्विव्होकेटर'ची, खिल्ली उडवतो ती १६०६ मध्ये फादर गार्नेट या जेझुइट पाद्र्यावर चाललेल्या खटल्याच्या हवेतली आहे, लंडनमध्ये तेव्हा हाच शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. शेवटची नाटकं जॉन फ्लेचरबरोबर मिळून लिहिलेली आहेत, 'टू नोबल किन्समन'च्या १६३४ च्या प्रतीवर दोघांची नावं आहेत, आणि अर्ल गेला तेव्हा फ्लेचर नाटककार म्हणून कुणाला माहीतही नव्हता. मेलेल्या माणसाबरोबर बसून प्रवेश वाटून घेता येत नाहीत. आणि इटलीचं ज्ञान म्हणाल तर 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये व्हेरोनाहून मिलानला जाताना लोक जहाजात बसायला निघतात, ही दोन्ही शहरं समुद्रापासून दूर असताना, आणि 'विंटर्स टेल'मध्ये चहूबाजूंनी जमीन असलेल्या बोहेमियाला समुद्रकिनारा आहे, त्यावरून बेन जॉन्सनने तेव्हाच टोकलं होतं. इटली फिरून आलेल्या अर्लपेक्षा पुस्तकं वाचून आणि लोकांना विचारून लिहिणाऱ्या माणसाच्या या चुका वाटतात.

आणि त्याच्या घराच्या खुणा आहेतच की. बाप हातमोजे करणारा. 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये एकाच्या दाढीला मोजेवाल्याच्या कातडं तासायच्या सुरीची उपमा दिलीय, 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये फेस्टे म्हणतो की हुशार माणसाच्या हातात वाक्य म्हणजे मऊ कातड्याचा मोजा, झटकन उलटा करता येतो. त्याच 'मेरी वाइव्ह्ज'मध्ये विल्यम नावाच्या शाळकरी पोराची लॅटिन व्याकरणाची तोंडी परीक्षा आहे. स्ट्रॅटफर्डच्या ग्रामर स्कूलचे त्या काळातले हजेरीपट उरलेले नाहीत, कुणाचेच नाहीत, म्हणून तो शिकलाच नाही असा निष्कर्ष काढायचा? बाप गावचा प्रमुख झाला होता १५६८ मध्ये. शाळेत शिकवणारे ऑक्सफर्डचे पदवीधर होते, पोरांकडून दिवसचे दिवस लॅटिन घोकून घ्यायचे, ओव्हिड हा रोमन कवी वाचून घ्यायचे, आणि 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये ओव्हिडचं पुस्तकच रंगमंचावर आणलंय.

हे सगळं असूनही शंका का येते? मला वाटतं तिचं मूळ इथेच आहे, की मोजे शिवणाऱ्याचा पोरगा असं लिहील हे पचत नाही. पण मार्लोचा बाप चांभार होता. बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी, आणि जॉन्सनने स्वतः विटा रचल्यात. वेबस्टरचा बाप गाड्या बनवायचा. त्या काळातली लंडनची रंगभूमी या लोकांनीच उभी केली, आणि त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही, फक्त जो सगळ्यात मोठा ठरला त्यालाच विचारतात की बाबा, तू कसा काय.

मला याचा एवढा त्रास का होतो ते सांगतो. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा होता, वडील शिंपी, बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. त्याने एकांकिका लिहिली. मी ती पानापानाने वहीत उतरताना बघितलीय, तालमीत एक वाक्य नटाच्या तोंडात बसेना म्हणून त्याने पायरीवर बसून चार वेळा बदललेलं बघितलंय. एका स्पर्धेत प्रयोग खूप रंगला आणि नंतर परीक्षकांपैकी एकाने त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, कुणी लिहून दिलं? प्रेमाने विचारलं होतं, ओरडून वगैरे नाही. तो परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. पुढे त्याने एकच एकांकिका आणखी लिहिली आणि मग थांबला. मी विंगेतून सगळं पाहिलेला माणूस होतो, मी सांगायला हवं होतं त्या परीक्षकांना, आणि मी गप्प राहिलो. त्याला आता बरीच वर्षं झाली.

शंका घेणाऱ्यांना मी हलके लेखत नाही. डीलिया बेकन ही अमेरिकन बाई जिने १८५७ मध्ये या सगळ्याला पुस्तकरूपाने तोंड फोडलं, ती विलक्षण हुशार होती, तरुणपणी एका कथास्पर्धेत तिने एडगर अॅलन पोला हरवलं होतं. युनिव्हर्सिटीची दारं बायकांना बंद असताना ती स्वतःच्या जोरावर विद्वान झाली. १८५६ मध्ये ती स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये रात्री एकटी थडग्यापाशी कंदील घेऊन बसली होती, दगड उचलावा की नाही या विचारात, आणि शेवटी न उचलता परत गेली. पुढे तिचं मन ढासळलं आणि १८५९ मध्ये ती गेली. मला तिच्याबद्दल वाचताना भरून येतं. तिच्यानंतर आले ते गुप्तलिपीवाले, नाटकांच्या अक्षरांत फ्रान्सिस बेकन या तेव्हाच्या तत्त्वज्ञाचा (डीलियाचा नव्हे) संदेश दडलाय म्हणणारे, त्यांच्यावर शेवटचा शब्द लिहिला विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या जोडप्याने १९५७ मध्ये. हे दोघे अमेरिकेचे सगळ्यात मोठे गुप्तलिपी फोडणारे, आणि त्यांची कामाची सुरुवातच तरुणपणी या बेकनवाल्यांकडे नोकरी करून झाली होती. त्यांनी एकेक दावा तपासला आणि एकही टिकला नाही.

लेखकत्वाचा खरा प्रश्न आहेच, पण तो वेगळा आहे आणि मला तर जास्त रंगतदार वाटतो. शेक्सपिअर एकट्याने सगळं लिहित नव्हता. 'टायटस'चा बराच भाग जॉर्ज पीलचा मानतात, 'टायमन'मध्ये मिडल्टन आहे, 'पेरिक्लीस'मध्ये विल्किन्स, 'हेन्री द एट्थ'मध्ये फ्लेचर, आणि २०१६ च्या न्यू ऑक्सफर्ड आवृत्तीत 'हेन्री द सिक्स्थ'वर मार्लोचं नावही सहलेखक म्हणून घातलंय. यावर विद्वान भांडतायत आणि भांडू देत, कारण हे भांडण शब्दांच्या सवयी, यमकं, ओळीचा शेवट कसा होतो अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर आहे. नाटक मंडळींमध्ये बसून तयार होतं हे यातून उलट जास्तच पटतं.

आणि एक हस्तलिखित उरलंय, निदान बहुतेक अभ्यासकांना तसं वाटतं. 'सर टॉमस मोर' नावाचं, अनेकांनी मिळून लिहिलेलं नाटक, ते सेन्सॉरमध्ये अडकलं, मग त्यात दुरुस्त्या करायला वेगवेगळे लोक बसले. त्यातली तीन पानं ज्या हाताची आहेत त्याला 'हँड डी' म्हणतात, आणि अक्षराचं वळण, स्पेलिंग, विचार करायची पद्धत यावरून ती शेक्सपिअरची मानतात. लंडनमध्ये परदेशी लोकांना हाकलून द्या म्हणून दंगल पेटलीय आणि मोर त्या जमावाला सांगतो की डोळ्यांसमोर आणा, ती बापुडी माणसं पाठीवर पोरं घेऊन बंदराकडे रखडत चाललीयत, आणि उद्या तुम्हालाच देश सोडायची वेळ आली तर तुम्ही कुठे जाल. घाईघाईत लिहिलंय, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, काही ठिकाणी लिहिलेलं खोडलंय. दुसऱ्यांच्या नाटकात ठिगळ लावायला बोलावलेला माणूस ते काम करून पुढच्या कामाला लागला.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची आहे. हयातीतला एकही कागद नाही हे विधान चुकीचं होतं एवढी दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा, लेखकाचं बाकीचं मत त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या. आणि जागा असेल तर 'हँड डी'च्या एका पानाचा फोटो त्याच पुरवणीत मोठा करून छापा, मूळ ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यातल्या खोडलेल्या ओळी दिसतील इतका मोठा.

आपला,
एक जुना वाचक आणि प्रॉम्प्टर